ब्रेकचे पेडल खाली जाते, तेव्हा ऑइल कुठे जाते?

ब्रेक दाबल्यावर पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले, की बहुतेक चालक ती गोष्ट अंगवळणी पाडून घेतात. पाय नकळत थोडा लवकर उचलला जातो, सिग्नलजवळ एकाऐवजी दोनदा ब्रेक मारला जातो आणि गाडी थांबते आहे ना, मग पुढच्या सर्व्हिसिंगला बघू, असे म्हणून दिवस काढले जातात. शेवटी गाडी गॅरेजमध्ये गेली, की अनेकदा पहिले वाक्य ऐकू येते ते म्हणजे, ‘हवा धरली आहे, काढून देतो.’ हवा काढली जाते, पेडल वर येते आणि पंधरा दिवसांत पुन्हा खाली बसते. कारण हवा हे पुष्कळदा मूळ दुखणे नसते. ऑइल कुठून तरी बाहेर गेले म्हणून हवा आत आलेली असते आणि ती वाट तशीच उघडी राहिलेली असते. पेडल नेमके कशा रीतीने खाली जाते याकडे लक्ष दिले, तर एकही नट न सोडवता दोषाची जागा बरीचशी ओळखता येते.

पुढील विवेचन आपल्याकडच्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणाऱ्या छोट्या गाडीला धरून आहे: पुढच्या चाकांना डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात), मागच्या चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारे डब्यासारखे भांडे, ज्याला आतून शूज फाकून घासतात), पायाच्या जोरात भर घालणारा आणि इंजिनाच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम बूस्टर आणि तारेने ओढला जाणारा हँडब्रेक. ट्रक आणि बस यांच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकची रचना वेगळी असते. ज्या हायब्रिड किंवा विजेवरच्या गाड्यांत पेडल आणि चाके यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, त्यांना यातल्या काही चाचण्या लागू पडत नाहीत.

पेडल म्हणजे एक तरफ असते. पायाने दिलेला जोर ती साधारण चार ते सहा पटींनी वाढवून एका दांड्यामार्फत पुढे देते, बूस्टर त्यात आपली भर घालतो आणि तो एकत्रित जोर मास्टर सिलिंडरमधल्या दट्ट्यावर पडतो. दट्टा पुढे सरकला की समोरचे ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम येथे अक्षरशः पायाखाली असतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून निरोगी यंत्रणेत थोडे अंतर गेल्यावर पेडल एखाद्या भिंतीला टेकल्यासारखे थांबते.

आता थोडा हिशेब करू. मास्टर सिलिंडरचा आतला व्यास २० मिलिमीटर आणि पेडलची तरफ पाच पटींची धरली, तर पेडल १२ सेंटिमीटर दाबल्यावर दट्टा २४ मिलिमीटर सरकतो आणि त्याने ढकललेले ऑइल भरते साडेसात मिलिलिटर, म्हणजे औषधाचा जेमतेम दीड चमचा. एवढ्याशा ऑइलवर सारी गाडी थांबत असते. यातला एक मिलिलिटर जरी वाया गेला, तरी तो भरून काढण्यासाठी दट्ट्याला ३.२ मिलिमीटर आणि पेडलला १६ मिलिमीटर जास्त जावे लागते. एका मिलिलिटरला पेडलचे दीड सेंटिमीटर, एवढे प्रमाण लक्षात ठेवले तरी पुढचा सगळा विषय सुटसुटीत होतो. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण गणित हेच राहील.

म्हणून पेडल खोल गेले की प्रश्न एकच विचारायचा: ढकललेले ऑइल कुठे गेले? ते यंत्रणेच्या बाहेर सांडले असेल, मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत मागे वळले असेल, शूज किंवा पॅड यांच्यापुढची वाढलेली फट भरण्यात खर्च झाले असेल किंवा हवेचा बुडबुडा दाबण्यात गेले असेल. फुगणारा रबरी होज पाइप हे पाचवे कारण आहे, पण ते तुलनेने क्वचित आढळते. या प्रत्येक प्रकारात पेडल आपापल्या वेगळ्या ढंगाने खाली जाते.

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबले, की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होते. तसेच पाय दाबून ठेवून इंजिन सुरू केले, तर पेडल थोडेसे खाली जाते. हा दोष नाही. बूस्टर काम करू लागल्याची ती खूण आहे. उलट इंजिन सुरू झाल्यावरही पेडल जागचे हलले नाही, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप तपासावा. जोराच्या ब्रेकमध्ये एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झाल्यावर पायाखाली जाणवणारी थरथर हासुद्धा बिघाड नसतो. इंजिन सुरू असताना चांगला जोर देऊन दाबलेल्या पेडलखाली फरशीपर्यंत किमान किती अंतर उरले पाहिजे, हे अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. ते मोजायला साधी पट्टी पुरते.

टाकीतली पातळी काय सांगते

तपासणीची सुरुवात बॉनेट उघडून करावी. मास्टर सिलिंडरच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची अर्धपारदर्शक टाकी असते आणि तिच्यावर कमाल-किमान पातळीच्या रेघा असतात. पुढचे पॅड जसजसे झिजतात, तसतसे कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे, दट्टे बाहेर येऊन राहतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा ऑइल व्यापते, त्यामुळे महिनोन्महिने पातळी अगदी सावकाश उतरत जाणे स्वाभाविक आहे. अशा वेळी विचार न करता टाकी काठोकाठ भरली, की पुढे नवे पॅड बसवताना दट्टे मागे ढकलल्यावर तेच ऑइल उतू जाते आणि रंगावर सांडले तर रंग सोलून काढते. मात्र काही दिवसांतच पातळी डोळ्यांना दिसेल इतकी खाली आली, तर ती झीज नसून गळती आहे असे समजावे आणि गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

‘ब्रेक ऑइल’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण त्या नावाने घोटाळा होतो हे खरे. हा द्रव खनिज तेल नाही. सामान्यतः वापरला जाणारा डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचा द्रव ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांपासून बनतो आणि ब्रेकमधले रबर त्यालाच साजेसे असते. ऑइल ते ऑइल, असे म्हणून कोणी टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल ओतले, तर रबरी सील फुगून मऊ पडतात आणि मग नुसती टाकी धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रममध्ये शूज फाकवणारा छोटा सिलिंडर) आणि होज पाइप यांतले सारेच रबर बदलावे लागते. टाकीच्या झाकणावर कोणता डॉट क्रमांक हवा ते लिहिलेले असते. डॉट ५ हा सिलिकॉनवर आधारलेला वेगळाच प्रकार आहे आणि तो इतरांत मिसळत नाही. नावात फक्त एका दशांशाचा फरक असलेला डॉट ५.१ मात्र पुन्हा ग्लायकॉलचाच आहे, त्यामुळे दुकानात बाटली घेताना आकडा नीट वाचावा.

गळती शोधताना चारही चाकांची आतली बाजू पाहावी. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर झिरपू लागला, तर ओल आधी ड्रमच्या आतच राहते. बाहेर दिसते ती चाकाच्या आतल्या अंगावर धूळ धरून बसलेली काळसर ओली पट्टी. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण किंचित उचलले आणि आतून ऑइल आले, तर निदान तेथेच संपते. ऑइल लागलेले लायनर (शूजवरचा घासणारा थर) पुसून पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा, कारण ते आत मुरलेले असते आणि त्या चाकाचा ब्रेक पुढे कधी कमी, तर कधी एकदम जास्त पकडतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाड्यांच्या पत्र्याखालून जाणाऱ्या लोखंडी नळ्याही हात फिरवून तपासाव्यात, कारण क्लिपखाली साचलेल्या ओलसर मातीत गंज सर्वांत आधी धरतो.

एक गळती मात्र चांगल्या चांगल्यांना चकवते. मास्टर सिलिंडरचे सर्वांत मागचे सील गेले, तर ऑइल मागे बूस्टरच्या पोटात उतरते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, चाके कोरडी असतात, तरी टाकी रिकामी होत राहते. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्या सांध्याखाली पांढरा कागद किंवा टिश्यू फिरवून पाहावा. ओल लागली किंवा बूस्टरच्या काळ्या रंगाला पापुद्रे सुटलेले दिसले, तर उत्तर मिळाले.

पायाला कळणाऱ्या गोष्टी

पातळी जागेवर आहे, ओल कुठेच नाही, तरीही पेडल खाली जाते, तेव्हा खरी परीक्षा पायाची असते. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून आणि इंजिन सुरू ठेवून पेडल हलक्या पण स्थिर जोराने दाबावे आणि अर्धा-एक मिनिट तसेच धरावे. आरंभी व्यवस्थित थांबलेले पेडल जर घड्याळाच्या काट्यासारखे सावकाश खाली सरकत गेले, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतच दट्ट्याच्या सीलला वळसा घालून मागे जात आहे. येथे ‘हलक्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सीलची किनार कपासारखी असते आणि जोराने दाबल्यास ऑइलचा दाबच ती किनार फाकवून भिंतीला घट्ट चिकटवतो; म्हणून जीर्ण झालेले सील जोराच्या ब्रेकला कधी कधी टिकते आणि सिग्नलवर नुसता पाय टेकवून उभे असताना दगा देते. गॅरेजवाल्याने सारी ताकद लावून पेडल दाबले आणि ‘ब्रेक तर कडक आहे’ असे सांगितले, तर त्यात लबाडी असेलच असे नाही. त्याची चाचणी चुकलेली असते.

हा दोष ‘किट’ टाकून, म्हणजे फक्त रबर बदलून दुरुस्त करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि स्वस्तही आहे. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल, तर ती चालतेही. पण भिंतीवर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल, तर नवे रबर त्याच जागी पुन्हा कापले जाते आणि हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांना आतून घासून गुळगुळीत करणे योग्य नसते, कारण त्यामुळे वरचा कठीण थर निघून जातो. माझे मत विचाराल, तर मास्टर सिलिंडरच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत. पूर्ण नवा बसवावा आणि तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर धरून त्यातली हवा काढून घ्यावी.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट वागतो. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबले तर चांगले वर लागते आणि कडकही असते. याचा अर्थ ऑइल हरवलेले नाही. पहिला हप्ता फट भरण्यात गेला आणि दुसऱ्या हप्त्याला ब्रेक लागला. मागच्या ड्रमच्या गाड्यांत याचे नेहमीचे कारण म्हणजे लायनर आणि ड्रम यांच्यातले वाढलेले अंतर. व्हील सिलिंडरचा व्यास १८ मिलिमीटर धरला आणि दोन्ही मागच्या चाकांतल्या चारही शूजना प्रत्येकी एक मिलिमीटर जास्त सरकावे लागले, तर त्यासाठी सुमारे एक मिलिलिटर ऑइल लागते. म्हणजे पेडल दीड सेंटिमीटरने खाली गेलेच.

याची खातरजमा करायला हत्यार लागत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि मग पेडल दाबून पाहावे. हँडब्रेकची तार शूजना ड्रमजवळ आणून ठेवते, त्यामुळे फट भरण्यासाठी ऑइल लागत नाही. ओढलेल्या हँडब्रेकवर पेडल एकदम उंच आणि घट्ट लागले, तर दोष मागच्या ड्रममध्येच आहे. फरक पडला नाही, तर शोध पुढे न्यावा. एवढी सोपी आणि फुकट चाचणी असताना हवा काढण्यापासून सुरुवात का केली जाते, हे मला कधी उमगलेले नाही.

ड्रममध्ये ही फट आपोआप कमी करणारा ॲडजस्टर असतो, पण धूळ, गंज आणि ब्रेकची काळी भुकटी साचून तो अडकतो. तो साफ करून, दात झिजले असल्यास बदलून, ड्रम हाताने फिरताना लायनर अगदी हलके घासेल इतके अंतर ठेवावे. हँडब्रेकची तार आवळून पेडल वर आणण्याचा उपाय मात्र चुकीचा आहे. शूज आपल्या विसाव्याच्या जागेवर परत येऊच शकत नाहीत, काही प्रकारच्या ॲडजस्टरचे काम त्यामुळे बंद पडते आणि ड्रम तापू लागतो. आधी आतले अंतर ठीक करावे, तारेकडे शेवटी वळावे. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे परस्परविरुद्ध असतात. जोडणी करताना त्यांची अदलाबदल झाली, तर प्रत्येक ब्रेकसरशी फट कमी होण्याऐवजी वाढत जाते. म्हणून एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडावा आणि दुसरी बाजू नमुन्यादाखल तशीच ठेवावी.

हँडब्रेक ओढूनही पहिला दाब खोलच जात असेल, तर पुढच्या चाकांकडे पाहावे. कॅलिपरच्या दट्ट्याचा व्यास ५० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तेथे दोन्ही बाजूंना केवळ पाव मिलिमीटर फट वाढली, तरी एक मिलिलिटरचा खड्डा पडतो. चाकाचे बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क फिरताना किंचित डुलत असेल, तर ती पॅडना आणि त्यांच्यामागच्या दट्ट्यांना रोजच्या धावण्यात मागे सारत राहते. अशी गाडी खडबडीत रस्त्यावरून किंवा मोठ्या वळणावरून आली, की पुढचा पहिला ब्रेक हमखास खोल जातो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या, तर पॅड एका अंगाने तिरके झिजतात आणि कॅलिपरची चौकट वाकवण्यात पायाचा जोर वाया जातो. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावणे हे स्वस्त काम आहे, पण घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये ते हमखास राहून जाते.

येथेच एक धोक्याची सूचना देतो. नवे पॅड बसवताना दट्टे पूर्ण मागे ढकललेले असतात, त्यामुळे त्यानंतरचे पहिले काही दाब थेट फरशीला टेकतात. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहिले पाहिजे. हे विसरून जॅकवरून उतरवलेली गाडी मागे घेतली, तर ती समोर येईल त्या भिंतीवरच थांबते.

हवा, वाफ आणि घाट

पेडल दाबताना ते स्पंजासारखे लवचिक लागत असेल, एकामागून एक दाब दिल्यावर थोडे वर येत असेल पण शेवटी भिंतीसारखा टणकपणा मिळत नसेल, तर मात्र आत हवा आहे. पायाने २० किलोचा जोर दिला, तर बूस्टरची भर न धरताही नळ्यांतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोच्या वर जातो आणि त्या दाबाखाली हवेचा बुडबुडा मूळ आकाराच्या तिसाव्या भागाहूनही लहान होतो. टपोऱ्या काबुली चण्याएवढी, म्हणजे साधारण एक मिलिलिटर हवा पेडलला दीड सेंटिमीटर खाली नेते ती अशी. ही हवा टाकी रिकामी पडल्याने, गळतीच्या जागेतून किंवा नुकत्याच झालेल्या दुरुस्तीत आत आलेली असते. बंद आणि कोरड्या यंत्रणेत ती आपोआप तयार होत नाही. काही काम झालेले नसताना हवा सापडली, तर ती काढण्याआधी तिची वाट शोधावी.

दुरुस्तीनंतर कितीही हवा काढली तरी पेडल मऊच राहते, असे झाल्यास कॅलिपरवरचा निप्पल, म्हणजे हवा बाहेर काढण्याचा पोकळ स्क्रू, पाहावा. तो वरच्या टोकाला असायला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला, तर निप्पल खाली जातो, बुडबुडा वर अडकून बसतो आणि लिटरभर ऑइल वाहवले तरी हलत नाही. तसेच एकाने पेडल दाबताना दुसऱ्याने चाकाजवळचा होज पाइप हातात धरून पाहावा. तो बोटांखाली फुगताना जाणवला, तर जुने रबर बदलण्याची वेळ झालेली असते.

घाटात खाली जाणारे पेडल हा आणखी वेगळा प्रकार आहे आणि महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला तो माहीत असलाच पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे, कोरडे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर पॅडची उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते, जुने पाणीदार ऑइल उकळते आणि वाफेचे बुडबुडे हवेसारखेच दाबले जातात. पेडल फरशीला टेकते आणि ब्रेक लागत नाही. अर्ध्या तासाने चाके निवली, की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल जणू काही झालेच नाही असे वर येते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोष दिसत नाही तो यामुळेच. याउलट पॅडच जास्त तापून पकड गमावतात, तेव्हा पेडल वर आणि कडक असते, फक्त गाडी थांबत नाही. त्या दोहोंतला फरक पायाला स्पष्ट कळतो. वाफेवर उपाय एकच: सगळे ऑइल नवे भरणे आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरणे. अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. पावसाळी, दमट भागात ही मुदत ओलांडू नये.

आणखी एक खूण राहिली. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन दट्टे असतात आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत प्रत्येक दट्टा एक पुढचे आणि त्याच्या तिरक्या समोरचे मागचे चाक सांभाळतो. एका दट्ट्याकडचे सर्व ऑइल गेले, तर तो दट्टा रिकामाच शेवटपर्यंत सरकतो आणि त्यानंतर दुसऱ्याचा ब्रेक लागतो. म्हणून पेडल निम्म्याच्या पुष्कळ खाली जाऊन मग अचानक टणक लागले आणि गाडी थांबायला बरेच जास्त अंतर घेऊ लागली, तर अर्धा ब्रेक गेलेला आहे. चालत्या गाडीत पेडल एकदम तळाला गेले, तर ते भराभर दाबत राहावे, गिअर एकेक करून उतरवावा आणि हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो टप्प्याटप्प्याने ओढावा. झटक्याने ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. इंजिन मात्र बंद करू नये, कारण बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही त्याच्यावर अवलंबून असतात.

हवा काढायची वेळ आली तर

मूळ दोष दूर केल्यावर हवा काढण्याचे काम दोन माणसांत होते. आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने सहसा सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. पण तिरक्या जोडणीच्या काही गाड्यांना वेगळा क्रम असतो, त्यामुळे मॅन्युअलचा शब्द अखेरचा मानावा. निप्पलवर आधी रिंग पाना चढवावा, मग पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो, बाहेरचा निप्पल पाऊण फेरा सोडतो, बुडबुड्यांसह ऑइल बाहेर येते, निप्पल बंद होतो आणि त्यानंतरच, बाहेरच्याने सांगितल्यावरच, पाय उचलला जातो. निप्पल उघडा असताना पाय उचलला, तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. दर आठ-दहा दाबांनंतर टाकी भरत राहावी. ती एकदा रिकामी पडली, की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

जुन्या गाडीत पेडल दरवेळी फरशीपर्यंत दाबू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात दट्टा सिलिंडरच्या ज्या टोकापर्यंत कधी जात नाही, तेथे गंज आणि गाळ साचलेला असतो आणि त्यावरून घासले गेलेले सील तेथेच कापले जाते. हवा काढल्यानंतर चांगला मास्टर सिलिंडर बिघडला, अशी तक्रार येते त्यामागे बहुधा हेच असते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर ती हाताने निघत नाही. स्कॅनर जोडून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. बाटलीत आलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये, अर्धवट उरलेला जुना डबा वापरू नये आणि अंगावर किंवा रंगावर उडालेले थेंब लगेच पाण्याने धुवावेत.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल कडक लागते ना, इंजिन सुरू केल्यावर किंचितच खाली जाते ना आणि हलक्या दाबाखाली मिनिटभर स्थिर राहते ना, हे क्रमाने पाहावे. मग रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगाने चार-पाच ब्रेक मारून पाहावेत. रात्री प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवावा, टाकीतल्या पातळीवर पेनाने खूण करावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी कागद आणि खूण दोन्ही पाहूनच गाडी बाहेर काढावी.